ध्वनिसंग्रहासाठी कोऱ्या चकत्यांची निवड आणि तपासणी

जुन्नरच्या दक्षिणेस मानमोडीचा डोंगर आहे. त्यातील लेण्यांच्या तीन गटांपैकी एकास भीमाशंकर लेणी असे नाव आहे. भीमेच्या उगमाजवळचे सर्वपरिचित भीमाशंकर ते हे नव्हे. नाव तेवढे सारखे. दरवर्षी हिवाळ्यात आम्ही नववीचा वर्ग या लेण्यांत घेऊन जातो. तेथे एक लहानसा ब्राह्मी लेख आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्स गोत्राचा अयम, याने पुण्यप्राप्तीसाठी एक पोढी व एक मंडप दान दिला, असे तो लेख सांगतो आणि 46 हे वर्ष नोंदवतो. हे वर्ष शक संवताचे मानले तर ते इ.स. 124 येते.

त्या लेखासमोर उभे असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ही अक्षरे एकोणीसशे वर्षे टिकली, मग आपल्या ग्रंथालयातली सीडी वीस वर्षांतच कशी खराब झाली?" प्रश्न रास्त होता आणि त्याचे नीट उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते शोधताना आम्हांस जे शिकावे लागले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडीत आहोत. आमचा विषय इतिहास, संगणकशास्त्र नव्हे. त्यामुळे येथे जे सांगितले आहे ते पुष्कळसे चुका करून आणि दुरुस्त करून हाती आलेले आहे.

प्रथम ती सीडी कोणती, हे सांगितले पाहिजे. विद्यालयाच्या संग्रहात शिक्षकांनी आणि मोठ्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी वेळोवेळी ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेट आहेत. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमांतील गायन पार्ट्या, बाबासाहेबांवरील जात्यावरच्या ओव्या, डिंभे धरणाच्या पाण्यात जुने आंबेगाव गेले त्या परिसरातून उठून आलेल्या कुटुंबांच्या हकिकती, आणि 1956 च्या धम्मदीक्षेनंतर या दोन तालुक्यांतील वस्त्यांत काय घडले याविषयी वृद्धांनी सांगितलेल्या आठवणी असा हा ऐवज आहे. यांतील बहुतेक माणसे आज हयात नाहीत. त्यांच्याविषयी कोणत्या सरकारी दप्तरात चार ओळी सापडल्या तर त्या जन्ममृत्यूच्या किंवा शेतसाऱ्याच्या असतात. त्यांचे म्हणणे सापडेल ते येथेच.

2004 साली या कॅसेटपैकी काही आम्ही सीडीवर घेतल्या. कोऱ्या सीडी एका दुकानातून सुट्या, डब्यावाचून घेतल्या होत्या. त्या कोणी बनविल्या हे विचारण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. काम झाल्यावर आमच्या हातून त्याहून मोठी चूक झाली. सीडी वाजते आहे हे पाहून आम्ही काही कॅसेट पुसून जयंतीच्या कार्यक्रमासाठी पुन्हा वापरल्या. त्यांतील एका कॅसेटवर एका आजींची मुलाखत होती. वस्तीतील लोकांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडले, गावाने बहिष्कार घातला, दळण बंद झाले, पाणी बंद झाले, आणि तरीही प्रथम कोणत्या पाच घरांनी नकार दिला, ती नावे त्या एकेक करून सांगतात. वर्गात ही मुलाखत आम्ही अनेक वर्षे ऐकवीत आलो. 2016 साली तिचे लेखी टिपण करण्यासाठी कानाला यंत्र लावून बसलो तेव्हा तीन नावे स्पष्ट आली. पुढील दोन नावांच्या जागी आवाज दबून गुळगुळीत झाला होता. खरखर नाही, खंड नाही. कोणी लक्ष देऊन ऐकले नाही तर कळूही नये, असा तो बिघाड होता.

हा बिघाड असा गुळगुळीत का होता, हे समजले की कोऱ्या चकतीची पारख आणि तपासणी यांचे सारे मर्म समजते.

सीडीवर आवाज आकड्यांच्या रूपाने असतो आणि त्यात काही आकडे चुकीचे वाचले जाणार हे गृहीतच धरलेले असते. नव्या, निर्दोष दिसणाऱ्या सीडीवरही चुका असतात. म्हणून प्रत्येक 24 बाइट आवाजामागे 8 बाइट पडताळ्यासाठी खर्ची घातलेले असतात. रीड आणि सोलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी 1960 साली मांडलेल्या पद्धतीवर ही योजना उभी आहे. शिवाय शेजारशेजारची माहिती एका जागी न ठेवता दूरदूर विखुरलेली असते, म्हणजे एका ओरखड्याने एकच शब्द सबंध नाहीसा होऊ नये. भिक्खुसंघाने बुद्धवचन लेखनाविना कित्येक पिढ्या जपले ते समूहपठणाने. एकाची जीभ घसरली तर शेजारचे दहा कंठ त्याला सावरीत. येथेही तसेच आहे. सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा मार्ग सलग नाहीसा झाला तरी यंत्र त्यातील माहिती तंतोतंत परत मिळवू शकते.

परंतु चुका या मर्यादेपलीकडे गेल्या की गाण्याची सीडी वाजविणारे यंत्र थांबत नाही आणि तक्रारही करीत नाही. मागचा आकडा आणि पुढचा आकडा पाहून ते मधला अंदाजाने भरते. तेही जमले नाही तर क्षणभर आवाज दाबून टाकते. संगीत ऐकणाऱ्याची ही सोय आहे. इतिहासाच्या दृष्टीने हा पुराव्यात केलेला फेरफार होय. नाणेघाटातील नागनिकेच्या लेखाची अक्षरे जागोजागी झिजली, फुटली आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजींपासून आजवर ज्यांनी ज्यांनी असे लेख वाचले, त्यांची एक शिस्त आहे: जे अक्षर दगडावर दिसत नाही, केवळ तर्काने भरले आहे, ते चौकटी कंसात घालावयाचे, आणि जेथे तर्कही चालत नाही तेथे टिंबे द्यावयाची. सीडी वाजविणारे यंत्र कंस घालीत नाही.

यावरून पहिला व्यावहारिक निर्णय निघतो. जपून ठेवावयाचा आवाज गाण्याच्या सीडीच्या स्वरूपात ठेवू नये. संगणकाची फाइल म्हणून ठेवावा, आणि ती फाइलही एमपीथ्री नव्हे, तर न आकसलेली वेव्ह फाइल असावी. माहितीच्या सीडीवर प्रत्येक खणातील 2352 बाइटांपैकी 2048 च माहितीसाठी वापरतात आणि उरलेल्या जागेत पडताळ्याची आणखी एक फळी असते. तीही कोसळली तर संगणक अंदाज करीत नाही. फाइल वाचता येत नाही असे स्पष्ट सांगतो. नव्वद मिनिटांची एक कॅसेट नेहमीच्या सीडी दर्जाने घेतली तर सुमारे 950 मेगाबाइट जागा लागते. 700 मेगाबाइटच्या सीडीत ती मावत नाही, 4.7 गिगाबाइटच्या डीव्हीडीत चार कॅसेट सुखाने बसतात आणि कडेला थोडी जागा उरते. ती जागा उरणे चांगले का, हे पुढे येईल.

येथे कोणी विचारील की आज पेनड्राइव्ह आहे, मोबाइल आहे, मग ही जुनाट उठाठेव कशासाठी? पेनड्राइव्ह आम्हीही वापरतो. परंतु एकदाच लिहिता येणाऱ्या चकतीवरील मजकूर पुसता येत नाही, बदलता येत नाही, तिला व्हायरस लागत नाही, आणि चार मुलांच्या हाती गेली तरी कोणी तिच्यावर लग्नाची गाणी भरू शकत नाही. वसतिगृह चालविणाऱ्यांना हा शेवटचा मुद्दा अधिक समजावून सांगावा लागणार नाही. एक प्रत हार्डडिस्कवर, एक चकतीवर आणि एक अन्य गावी, अशी आमची व्यवस्था आहे. चकती ही त्यातील एक फळी आहे, सर्वस्व नव्हे.

आता पारख. कोरी सीडी म्हणजे 1.2 मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक चकतीवर रंगद्रव्याचा अतिशय पातळ थर, त्यावर आरशासारखा धातूचा थर आणि त्यावर लाखेसारखे संरक्षक लेपन. राइट करताना लेसर त्या रंगद्रव्यात डाग पाडतो. दगडातील अक्षराप्रमाणे तेथे खरा खड्डा नसतो. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे. अयमाचा लेख कोरलेला आहे. आमची सीडी रंगविलेली होती. रंग उडतो.

कोणता रंग किती टिकतो, यात मोठा फरक आहे. सायनिन हे आरंभीचे रंगद्रव्य उजेडाने लवकर बिघडते. थॅलोसायनिन जवळजवळ रंगहीन, फिकट दिसते आणि पुष्कळ अधिक स्थिर असते. ॲझो जातीचे रंगद्रव्य गडद निळे असते. तेही टिकाऊ मानले जाते. धातूचा थर बहुधा चांदीचा असतो, आणि घरातल्या चांदीप्रमाणे हवेतील गंधकाने तोही काळवंडतो. सोन्याचा थर काळवंडत नाही, म्हणून अभिलेखागारांसाठी सोनेरी सीडी निघाल्या. त्यांची किंमतही सोन्याला शोभेशीच होती. सीडी हाती घेऊन तिच्या रंगावरून एवढी पारख करता येते. डीव्हीडीच्या बाबतीत मात्र नुसत्या रंगावरून काही सांगणे धोक्याचे आहे.

डीव्हीडीची रचनाही वेगळी आहे. तिच्यात 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींस चिकटविलेल्या असतात आणि माहितीचा थर मध्ये सुरक्षित असतो. सीडीत तो नावे लिहितो त्या बाजूच्या अगदी लगत असतो. सर्वसाधारण समज असा की चकचकीत बाजू जपावी आणि वरची बाजू कशीही चालेल. सीडीच्या बाबतीत हे उलटे आहे. खालचा ओरखडा पुष्कळदा घासून काढता येतो. वरच्या बाजूस बॉलपेनाने जोर देऊन लिहिले तर थरच फाटतो आणि ती जागा कायमची जाते. आमच्या 2004 च्या चकत्यांवर आम्ही सुवाच्य अक्षरांत, बॉलपेनाने, शीर्षके लिहिली होती.

डब्यावरचे नाव पाहून खरेदी करावी काय? ज्याचे नाव छापलेले असते तोच बनविणारा असतो असे नाही, ही या धंद्यातील जुनी रीत आहे. जपानच्या तैयो युदेन कंपनीने रेकॉर्ड करता येणाऱ्या सीडीच्या निर्मितीत पायाभूत काम केले. जाणकार तिच्याच चकत्या शोधीत. 2015 च्या अखेरीस तिने हा व्यवसाय सोडला. आपल्याकडे गल्लोगल्ली मिळणारी मोझर बेअर ही ग्रेटर नोएडातील कंपनी एके काळी जगातील मोठ्या उत्पादकांत गणली जाई. 2018 साली ती अवसायनात गेली. व्हर्बेटिम हे नाव 2019 साली जपानच्या मित्सुबिशीकडून तैवानच्या सीएमसीकडे गेले. सोनीने फेब्रुवारी 2025 मध्ये कोऱ्या ब्ल्यू-रे चकत्यांचे उत्पादन थांबविले. दुकानात आजही जुनी नावे दिसतात. त्यांमागचा कारखाना कोणता, हे डबा सांगत नाही.

चकती स्वतः मात्र काही सांगते. प्रत्येक कोऱ्या चकतीवर कारखान्यातच एक सांकेतिक ओळख उमटविलेली असते. इम्गबर्न नावाचा विनामूल्य प्रोग्रॅम संगणकावर घेऊन चकती आत घातली की ती ओळख पडद्यावर दिसते. एमसीसी 004 अशी अक्षरे असतील तर ती मित्सुबिशी केमिकलची सोळापट वेगाची प्लस जातीची डीव्हीडी. टीवायजी 03 असेल तर तैयो युदेनची. सीएमसी मॅग असेल तर तैवानची. ही ओळख साच्यातून येते, आणि साचा दुसऱ्याकडे जाऊ शकतो किंवा त्याची नक्कलही होऊ शकते. तेव्हा ओळखीचे पत्र पाहून दारात घ्यावे. पंगतीत कोठे बसवावयाचे ते तपासणीनंतर ठरवावे.

आमची रीत अशी आहे. पन्नास चकत्यांचा बंद डबा घ्यावयाचा, सुट्या कधीही नाही. त्यातून वरची, मधली आणि तळाची अशा तीन चकत्या काढून त्यांवर कडेपर्यंत निरुपयोगी माहिती भरून पाहावयाची. सोळापट वेगाची डीव्हीडी आम्ही आठपट वेगाने राइट करतो. वेग जितका कमी तितके लेखन उत्तम, हा समज आम्हीही बाळगीत होतो. पण आजच्या चकत्यांचे रंगद्रव्य मध्यम वेगासाठीच जुळविलेले असते आणि अगदी मंद वेगाने पुष्कळदा चुका वाढतात. राइट झाल्यावर पडताळणीचा पर्याय निवडून मूळ फाइलशी बाइटन्‌बाइट ताडून पाहावे. एवढे तर प्रत्येकाने करावेच. यास दहा मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही.

पडताळणी उत्तीर्ण झाली म्हणजे आज सर्व माहिती मिळते आहे, इतकेच सिद्ध होते. ती सहज मिळाली की दुरुस्तीच्या फळीने घाम गाळून मिळविली, हे कळण्यासाठी चुका मोजाव्या लागतात. परीक्षेतील पस्तीस गुण आणि नव्वद गुण दोन्ही उत्तीर्णच. पुढच्या वर्षी कोण टिकेल हे गुणपत्रिकाच सांगते. सीडीवर दर सेकंदाला 7350 चौकटी वाचल्या जातात. त्यांपैकी सदोष चौकटींची सरासरी 220 पेक्षा अधिक नसावी अशी मानक मर्यादा आहे, आणि दुसऱ्या फळीलाही न सुधारलेल्या चुका शून्य असाव्यात. 220 ही नापास होण्याची रेघ आहे, उत्तम चकतीची खूण नव्हे. नुकत्याच राइट केलेल्या चांगल्या सीडीवर हा आकडा त्याच्या कितीतरी खाली असतो. डीव्हीडीवर लागोपाठच्या आठ खंडांतील पहिल्या प्रतीच्या चुकांची बेरीज 280 च्या आत असावी, आणि पहिल्या फळीतून निसटलेल्या चुका एका खंडात चारपेक्षा अधिक नसाव्यात, असा संकेत पाळला जातो.

हे आकडे सर्व ड्राइव्ह देत नाहीत. लॅपटॉपला जोडण्याचे पातळ ड्राइव्ह बहुधा निरुपयोगी ठरतात. आमचे काम निघाले ते मोडीत काढलेल्या एका संगणकातील लाइट-ऑन ड्राइव्हवर. नीरो डिस्कस्पीड किंवा ऑप्टी ड्राइव्ह कंट्रोल हे प्रोग्रॅम त्याच्याकडून चुकांचा आलेख काढून घेतात. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी क्यूपीएक्सटूल आहे. एका ड्राइव्हचे आकडे दुसऱ्याशी ताडून पाहू नयेत. तोच ड्राइव्ह, तोच वेग, आणि दोन वेगळ्या दिवशीचे आलेख, ही तुलना खरी. आलेखाची उजवी बाजू विशेष पाहावी. लेखन आतून बाहेर जाते. चकतीची बाहेरची कड बनविण्यास अवघड आणि हाताळताना प्रथम दुखावणारी असते. सपाट चाललेली रेघ शेवटी एकदम चढू लागली, तर तो डबा वर्गातील सरावासाठी ठेवावा. म्हणूनच चार कॅसेट भरल्यावर उरलेली कडेची जागा आम्ही मोकळी सोडतो.

प्रत्येक फाइलचा एक तपासांक काढून ठेवणेही अगत्याचे आहे. शा-256 या पद्धतीने कोणत्याही फाइलचा चौसष्ट अक्षरांचा अंक निघतो. फाइलमध्ये एक बिंदू बदलला तरी तो सर्वस्वी वेगळा येतो. हे अंक आम्ही कागदावर छापून नोंदवहीत चिकटवितो. संगणकाच्या नोंदी संगणकातच ठेवण्यावर आमचा विश्वास बसलेला नाही.

साठवणुकीविषयी थोडक्यात. आमचा मुलूख पावसाचा. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते, वह्यांना वास येतो. अभिलेखागारे चकत्यांसाठी वीस अंशांखालील तपमान आणि पन्नास टक्क्यांखालील आर्द्रता सुचवितात. ते आम्हांस शक्य नाही. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि निळे दाणे गुलाबी झाले की ते तव्यावर मंद आचेने भाजून पुन्हा निळे करणे, एवढे शक्य आहे. चकत्या कडक कव्हरांत उभ्या ठेवाव्यात. कागदी लेबल चिकटवू नये. नाव लिहावयाचे तर मधल्या पारदर्शक वर्तुळावर, पाण्याच्या शाईच्या मऊ पेनाने. 2001 साली मध्य अमेरिकेतील बेलीझ या दमट देशातून आलेल्या एका सीडीत बुरशीने थर खाल्ल्याचे आढळले होते. आमच्याकडील श्रावण पाहता आम्हांस त्याचे फारसे नवल वाटले नाही. दुसरी प्रत अन्य गावी ठेवण्याचे कारण या तालुक्यात कोणास सांगावे लागू नये. 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीणवर डोंगर आला तेव्हा माणसांबरोबर त्यांच्या घरांतील सगळे कागद आणि फोटोही गेले.

नोंदवहीत प्रत्येक चकतीला एक पान आहे: खरेदीचा दिनांक, सांकेतिक ओळख, राइट करण्याचा वेग, चुकांचा कमाल आकडा, तपासणाऱ्या विद्यार्थ्याची सही. महिन्याने एकदा आणि नंतर दर दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मोजणी होते. चकती क्रमांक 31 चा आकडा पहिल्या वर्षी 64 होता. पावसाळ्यानंतर 190 झाला. मर्यादेच्या आत असूनही आम्ही तिची नवी प्रत केली, कारण मर्यादा ओलांडण्याची वाट पाहिली की काय होते ते आम्हांस ठाऊक होते.

आजींच्या मुलाखतीचे टिपणही त्याच कपाटात आहे. गायब झालेल्या दोन नावांसाठी आम्ही त्या वस्तीत तीन वेळा गेलो. एका घराविषयी दोन निरनिराळ्या कुटुंबांनी, एकमेकांस न विचारता, एकच नाव सांगितले. ते आम्ही चौकटी कंसात लिहिले आहे. दुसऱ्या घराविषयी चार जणांनी चार नावे सांगितली. तेथे टिंबे आहेत.